वीतभर जागा

सिग्नल लाल झाला तसा स्तानिमिरने नेहमीसारखा डावा पाय खाली सोडला, आणि पाय टेकलाच नाही. रस्त्यावरचे पांढरे पट्टे सकाळच्या पावसाने निसरडे झाले होते. बुटाचा तळ त्यावरून घसरला आणि तीनशे किलोंची ती लांबच्या प्रवासाची मोटरसायकल अगदी सावकाश, दमलेली बाई खाटेच्या कडेला टेकावी तशी, डावीकडे कलायला लागली. कसलीच घाई नव्हती. कलता कलता त्याला कोपऱ्यावरच्या बेकरीच्या काचेत स्वतःचं हेल्मेट दिसलं, डोक्यावरून गेलेल्या ट्रॉलीबसच्या तारा दिसल्या, आणि आपण तीस वर्षं याच तारांखालून ट्रॉलीबस चालवली पण ती कधी अशी आडवी झाली नाही, एवढा विचार करायलाही त्याला सवड मिळाली. मग खण्णकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. तो कुशीवर पडला होता, गाडी त्याच्यावर होती आणि डावा पाय गाडीखाली होता. आता दुखेल, आता दुखेल, म्हणत तो तसाच पडून राहिला, पण दुखलं काहीच नाही. इंजिनाच्या बाजूला आणि मागच्या पेट्यांच्या खाली बसवलेले लोखंडी गार्ड डांबरावर टेकले होते, गाडीचा सगळा भार त्यांनी घेतला होता, आणि गाडी नि रस्ता यांच्यामध्ये थोडी जागा उरली होती. त्या जागेत त्याचा पाय आरामात पडला होता.

"आजोबा, हलू नका अजिबात," मागच्या टॅक्सीचा ड्रायव्हर धावत येत म्हणाला. "पाय गेला असणार." बेकरीतून चीज भरलेल्या बनित्साचा गरम तुकडा घेऊन निघालेली एक नर्स तो तुकडा तसाच हातात धरून वाकली. "बोटं हलवून दाखवा बरं. हलतायत? मग काही गेलेलं नाही. नशीब काढलंत." स्तानिमिर कोपरावर उठून बसला, पण पाय त्याने बाहेर काढला नाही. हातमोजा काढून त्याने अंगठा डांबरावर टेकवला आणि करंगळी ताणून गाडीच्या पोटापर्यंत न्यायला गेला. ती पोचेना. तिच्यावर दुसऱ्या हाताची दोन बोटं ठेवली तेव्हा पोचली. "हे काय चाललंय तुमचं?" नर्सने विचारलं. "मोजतोय," तो म्हणाला. "डोक्याला लागलंय यांच्या," टॅक्सीवाला तिला हळूच म्हणाला. मागे हॉर्न सुरू झाले. दोघांनी मिळून गाडी उभी केली, नर्सने त्याच्या कोटाची धूळ झटकली, आणि या वयात बसने फिरावं माणसाने, असं आईच्या मायेने सांगून ती निघून गेली. एक वीत आणि दोन बोटं. ती बोटं त्याने मुठीत तशीच धरून ठेवली होती. क्लच दाबायची वेळ आली तेव्हा कुठे उघडली.

तो निघाला होता डॅन्यूबच्या काठाने वाऱ्यावर चक्कर मारायला. मार्चचा दुसरा आठवडा होता, गाडी चार महिने आवरणाखाली झोपली होती, आणि हिवाळ्यानंतरच्या पहिल्या फेरीची वाट तो अजूनही पोरासारखी पाहायचा. पण चौकातून तो सरळ घरी वळला. त्याच्या इमारतीच्या दारावर त्याच्या बायकोच्या, नेवेनाच्या, स्मरणाचा कागद होता. तीन वर्षं नेवेनाशिवाय, अशी वरती ओळ, खाली तिचा पोस्टातल्या ओळखपत्रावरचा फोटो, आणि त्याखाली नेहमीचे शब्द, प्रेमळ पत्नी, प्रेमळ आई. गेल्या महिन्यात मुलीने, योआनाने, छापून आणला होता आणि दोघांनी मिळून चिकटवला होता. एक दारावर, एक पोस्टासमोरच्या खांबावर, एक तिच्या गावच्या बसथांब्यावर. पावसाने एक कोपरा सुटला होता. त्याने तो अंगठ्याने दाबला. दाबताना त्याला नेवेनाच्या डोळ्यांकडे बघवलं नाही, आणि याचं त्याला नवल वाटलं, कारण एरवी येता-जाता तो तिच्याशी मनातल्या मनात दोन शब्द बोलतच असे, दूध आणलं, नळ दुरुस्त केला, असले.

मागच्या अंगणात, गॅरेजांच्या ओळीसमोर, गाडी उभी करून तो उकिडवा बसला. डाव्या गार्डवर ताजा ओरखडा पडला होता, चकचकीत, तळहाताएवढा लांब. त्याच्या शेजारी जुने चार ओरखडे होते, आणि ते त्याला एखाद्या म्हाताऱ्याला आपली दुखणी पाठ असावीत तसे पाठ होते. पहिला बाल्कनच्या घाटातल्या पेट्रोलपंपावरचा. दुसरा समुद्राकाठी, वाळूत स्टँड रुतला तेव्हाचा. तिसरा एका मठाच्या फरसबंद आवारातला, जिथे भिक्षूनेच धावत येऊन गाडी उचलली होती. चौथा तर इथलाच, या अंगणातला, शरमेचा. चारही वेळा गाडी जागच्या जागी आडवी झाली होती, चारही वेळा नेवेना मागे बसली होती, आणि चारही वेळा तिचा आधीच एकदा मोडलेला पाय त्या वीतभर जागेत सुखरूप राहिला होता. प्रत्येक वेळी ती तिथेच बसल्या बसल्या हसून म्हणायची, "बघ, किती छान काम करतात हे." तिच्या बोलण्यात टोमणा नसायचा. टोमणा असता तर त्याला सोसला असता. आज पाचव्यांदा त्या जागेने काम केलं होतं आणि या वेळी पाय त्याचा होता. गाडीखाली बसून मोजताना त्याला जे कळलं ते इतकं साधं होतं, की चौदा वर्षांत आपण ते कधीच का मोजलं नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. एवढीच जागा लागली असती. एवढी जागा त्याने तिला दिली नव्हती.

"पडलास म्हणे," गांचो त्याच्या गॅरेजातून हात पुसत बाहेर आला. गांचो त्याचा ट्रॉलीबस डेपोतला जुना मेकॅनिक मित्र, आता बाजूच्याच जिन्यावरच्या घरात राहणारा, आणि पोटात काहीही न राहणारा. "तुला कोणी सांगितलं?" "बेकरीवालीने फोन केला. सगळं गाव बघत होतं, आणि तू रस्त्यावर बसून शिंप्यासारखी मापं घेत होतास." त्याने वाकून गार्डवरून हात फिरवला. "वाकलेला नाही. थोडा रंग लाव, संपलं." "काढायचेत," स्तानिमिर म्हणाला. "काय काढायचंय?" "गार्ड. चारही." गांचोने त्याच्याकडे नीट पाहिलं. "लेका, आज यांनी तुझा पाय वाचवला आणि आजच काढतोस? कुत्र्याने चोर पकडला म्हणून कुत्र्याला घालवण्यासारखी गत झाली." "गाडी जड होते." "गाडी जड नाही झाली, तू हलका झालायस. अडुसष्टचा आहेस. आता तर हवेत." "मला नकोत," स्तानिमिर म्हणाला. आपली तेवढी लायकी नाही, हे गांचोला सांगून काय उपयोग होता. गांचो म्हणाला असता, लोखंडाला काय कळतंय कोणाची लायकी. आणि ते खरंच होतं, लोखंडाला कळत नव्हतं, म्हणून तर ते काढायचं होतं. "बरं, काढ बाबा," गांचो शेवटी म्हणाला. "पाना देतो. पण मागचा डावा तूच उघड हं. चौदा वर्षांत तू मला त्याला हात लावू दिलेला नाहीस. रंगाला दिली होतीस गाडी तेव्हाही म्हणालास, तेवढं राहू दे. काय सोनं दडवलंयस तिथे कोण जाणे." तो हसला आणि पाना आणायला आत गेला.

मार्चच्या पहिल्या तारखेला नेवेना घरातल्या सगळ्यांच्या मनगटाला लाल-पांढरा लोकरीचा दोरा बांधायची, मार्तेनित्सा. सगळेच बांधतात. पण ती नवऱ्याला, मुलीला, पोस्टातल्या सगळ्या बायकांना, जिन्यातल्या मांजरीला आणि शेवटी गाडीलाही बांधायची. तिलाही आरोग्य नको का, म्हणायची. दोरा एकदा बांधला की करकोचा दिसेपर्यंत किंवा मोहरलेलं झाड भेटेपर्यंत सोडायचा नाही, आणि सोडला की झाडाच्या फांदीला बांधायचा. चौदा वर्षांपूर्वीच्या त्या मार्चमध्ये गार्ड गाडीवर नव्हते. हिवाळ्यातल्या मिठाने गंजले म्हणून त्याने ते उतरवून घासले होते, काळा रंग दिला होता, आणि बाल्कनीत वर्तमानपत्रावर वाळत ठेवले होते. नेवेनाने दोरा आणला आणि मागच्या डाव्या गार्डच्या टोकाला बांधला, तिच्या पायाच्या बाजूला, नेमकं जिथे गार्डला गाडीशी धरणारी पट्टी बसते आणि बोल्ट जातो तिथे. तिला काय ठाऊक. "इथे नको, इथे पट्टी येते," तो म्हणाला होता. "आता बांधला," ती म्हणाली. "सोडायचा नाही." एवढंच. मग तीन आठवडे गार्ड बाल्कनीत पडून राहिले, कारण गाडी त्यांच्याशिवाय सडपातळ दिसत होती. त्याच्या बरोबरीचे मोटरसायकलवाले त्या गार्डांना पाळण्याचे कठडे म्हणायचे, बाळ पडेल म्हणून लावलेत का, असं विचारायचे, आणि त्यांत गांचो सगळ्यांच्या पुढे असायचा. चोपन्न वर्षांचा माणूस होता तो. चोपन्नाव्या वर्षी असल्या गोष्टीने माणसाला काही वाटू नये, पण वाटत होतं. रविवारी सगळे जमणार होते, हंगामाची पहिली फेरी, पाद्रीबाबा तुळशीच्या जुडीने गाड्यांवर पाणी शिंपडणार होते, आणि त्याला कठड्यांशिवाय जायचं होतं. शनिवारी संध्याकाळी नेवेनाने विचारलं, "गार्ड नाही का लावणार?" आणि तो म्हणाला, "तुझा दोरा आहे ना तिथे. बोल्ट बसत नाही."

बोल्ट बसत होता. त्याने लावूनसुद्धा पाहिला नव्हता, आणि पाहायची गरजही नव्हती. पट्टीच्या आत दोन मिलिमीटरचं रबर होतं, त्यापुढे लोकरीच्या दोऱ्याची काय कथा. बोलताना त्याला ते माहीत होतं. नेवेना क्षणभर गार्डकडे बघत उभी राहिली, दोरा सोडावा की काय अशा विचारात, आणि मग म्हणाली, "असू दे तर. उद्या गावाकडे जाऊन येऊ, करकोचे आले असतील. एकदा दिसला की सोडते, मग लाव." इतकं लहान खोटं होतं ते. मीठ संपलंय म्हणून सांगावं, इतकं. दुसऱ्या दिवशी पाणी शिंपडून झाल्यावर ते दोघं तिच्या गावाकडे वळले. गावात शिरताना चढावर खडीचं वळण आहे, तिथे गाडी चालण्याच्या वेगाने जाते. विजेच्या खांबावरच्या घरट्यात करकोचा उभा होता, त्या वर्षीचा पहिला, आणि तो बघ, तो बघ, म्हणून दाखवायला स्तानिमिरने डावा हात सोडला, क्लचवरचा. गाडी गचकली, बंद पडली आणि डावीकडे आडवी झाली. तेव्हाही तिला घाई नव्हती, आजच्यासारखीच. फक्त त्या वेळी खण्ण असा आवाज आला नाही. वेगळाच आला, आणि तो त्याला आजही पावात सुरी घातली की कधी कधी ऐकू येतो. नेवेना ओरडली नाही. ती म्हणाली, "दिसला. मला दिसला."

नडगी दोन जागी मोडली आणि घोटा गेला. नेवेना पोस्टमन होती, वीस वर्षं पायी टपाल वाटलेली. कोणाच्या दारात कुत्रं आहे नि कोणाच्या दारात रडणं, सगळं तिला ठाऊक. बरी झाल्यावर तिला खिडकीत बसवलं, तिकिटं विकायला. लग्नाकार्यात होरोचा फेर धरला की सगळ्यात पुढे रुमाल फिरवणारी बाई ती; त्यानंतर ती खुर्चीत बसायची आणि नाचणाऱ्या बायका आपापल्या पर्सा तिच्या मांडीवर ठेवून जायच्या. एकदा त्याने मोजल्या होत्या, नऊ होत्या. हात सोडल्याचं त्याने सगळ्यांना सांगितलं होतं, डॉक्टरांना, पोलिसाला, तिच्या भावांना. ती चूक त्याने कधीच झाकली नाही. मोठी चूक छातीवर मिरवत राहिली की तिच्याखाली लहानसं खोटं कोणाला दिसत नाही, हे त्याला तेव्हा कळत नव्हतं, पण तो तेच करत होता. पाय मोडल्याच्या चौथ्या दिवशी ती इस्पितळात असताना त्याने गार्ड खाली आणले आणि लावले. अर्धा तास लागला. मागच्या डाव्याची पट्टी लोकरीवर बसली, बोल्ट पहिल्या फेऱ्यात आत गेला. त्याने दोऱ्याचे गोंडे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आत कोंबले, एकही तंतू बाहेर दिसू दिला नाही, आणि अंगणात बसून लहान पोरासारखा रडला. बरी होऊन घरी आली तेव्हा तिने विचारलंच, माझा दोरा कुठाय. तो म्हणाला, "करकोचा दिसला होता ना, मी सोडून झाडाला बांधला. पोस्टासमोरच्या चेरीला." तिला बरं वाटलं. खिडकीतून ती चेरी समोरच दिसायची, आणि दर वसंतात शंभर दोऱ्यांनी लालपांढरी व्हायची. जुने दोरे विटून पांढुरके होत, तरी फांद्यांवर टिकून असत, आणि नेवेना त्यातला एक दाखवून शेजारच्या बाईला सांगायची, "तो वरचा, वाकड्या फांदीवरचा, तो माझा."

त्याने सांगायला हवं होतं, आणि सांगणारही होता. प्लास्टर निघालं की, पाय टेकायला लागली की, नाताळात. मग तीच गोष्ट तिने गमतीची करून टाकली. पाहुण्यांत कोणी पायाचं विचारलं की ती म्हणायची, "मीच बांधला दोरा आणि मीच अडकले, आरोग्यासाठी बांधला होता बरं का," आणि सगळे हसायचे. तोही हसायचा. अकरा वर्षं तो त्या गमतीला हसला. पण हसण्याचं एक वेळ सोडा. योआना हसायची नाही.

योआना आली ती कामावरूनच, औषधाच्या दुकानातल्या पांढऱ्या कोटावर जाकीट चढवून, अर्थात गांचोच्याच फोनवरून. अंगणात बापाला धडधाकट बघून तिच्या खांद्यांतला ताठा गेला आणि लगेच राग आला. "बाबा, किती वेळा सांगितलं तुला?" "पट्टे ओले होते." "पट्टे ओले होते म्हणे. पाय बघू." तिने बुटावरूनच घोटा दाबला, वर नडगीपर्यंत दाबत गेली, आणि तिची बोटं नडगीवर जरा जास्त वेळ थांबली. "काही नाही झालेलं," ती म्हणाली. मग तिला जमिनीवर मांडलेले पाने दिसले, पुढचा एक गार्ड उतरवून भिंतीला टेकवलेला दिसला. "हे काय?" "काढतोय." "का?" त्याने पाना उचलून फडक्याने पुसला. "गाडी विक म्हटलं तर विकत नाहीस. बरं, नको विकूस. पण चालवायची असेल तर हे असलेच पाहिजेत. तुला माहितीये ना, त्या दिवशी हे असते तर." ती थांबली. मग जे ती चौदा वर्षं म्हणत आली होती तेच म्हणाली, आता सवयीने, थकून. "एका लोकरीच्या दोऱ्यापायी."

त्या प्रसंगानंतर योआनाने मनगटाला दोरा बांधून घेतला नाही. बावीस वर्षांची होती तेव्हा, वार्नाला शिकायला. बातमी ऐकून आली आणि इस्पितळात आईच्या खाटेशी उभी राहून, घाबरलेली माणसं बोलतात तसं, नको ते बोलली. तुझ्या या खुळांनी तुझा पाय घेतला, म्हणाली. बाबा गार्ड लावत होता, तू लावू दिले नाहीस. तुझ्या असल्या गोष्टी मला माझ्या घरात नकोत. नेवेना तिला एवढंच म्हणाली होती, "खरंय गं." आणि त्यानंतर दर मार्चला नेवेना दोरा घेऊन पुढे यायची आणि योआना हात मागे घ्यायची. हात मागे घ्यायची, एवढंच. भांडण नाही, अबोला नाही, वरून सगळं ठीक. पण त्या दोघींच्यामध्ये काहीतरी तेव्हा मोडलं ते तसंच वाकडं जुळलं, घोट्यासारखं. नेवेनाने शेवटच्या मार्चमध्येही एक दोरा वळून ठेवला होता. तो तिच्या उशीखाली निघाला. स्तानिमिरला हे सगळं दिसत होतं, वर्षानुवर्षं, जेवणाच्या टेबलावर, आणि त्याच्याजवळ एक वाक्य होतं जे बोललं की ते सगळं सरळ झालं असतं. ते वाक्य बोललं असतं तर मुलगी त्याच्यापासून गेली असती. म्हणून त्याने बायकोला जाऊ दिलं, हळूहळू, मुलीच्या मनातून. हे असं त्याने स्वतःला कधी सांगितलं नव्हतं. आज सकाळी डांबरावर बसल्या बसल्या सांगितलं.

"बस इथे," तो म्हणाला. "कशाला?" "बस. एक दाखवायचंय." योआना गॅरेजच्या उंबऱ्यावर बसली, जाकीट गुडघ्यांखाली ओढून. त्याने पाना मागच्या डाव्या गार्डच्या बोल्टला लावला. चौदा वर्षांचा गंज होता, पहिल्यांदा तो हललाच नाही. आत दारात गांचो काही बोलायला आला होता, पण स्तानिमिरचा चेहरा बघून तसाच मागे वळला. बोल्ट करकरला, फिरला. पट्टीचा वरचा भाग निघाला. नळीवर, रबर आणि लोखंडाच्या मधे, चपटी झालेली एक गोष्ट चिकटली होती. ऑइलने काळवंडली होती, एका कडेला गंजाने तांबूस झाली होती, पण मधे जिथे दाब जास्त होता तिथे लाल अजून लाल होता आणि पांढरा जवळजवळ पांढरा. त्याने ती नखाने हळूच सोडवली. गाठ तिचीच होती, दोनदा फिरवलेली. दोऱ्याची टोकं त्याने तळहातावर सरळ केली आणि हात तिच्यापुढे धरला.

योआना त्याच्या हातावर वाकली. औषधाची बाटली उजेडात धरून बघावी तशी ती बघत होती. "हा आईचा," ती म्हणाली. "हो." "चेरीवरचा." "चेरीवर तो कधीच नव्हता." तिने दोऱ्याकडे पाहिलं, मग पट्टीकडे, मग बोल्टकडे, आणि तिला हिशेब करायला वेळ लागला नाही. "म्हणजे बोल्ट बसत होता." "बसत होता." "त्या दिवशीही." "त्या दिवशीही बसला असता. मला लावायचे नव्हते. ते लावले की गाडी बरी दिसत नव्हती." इतक्या वर्षांनी तोंडाबाहेर पडल्यावर ते कारण इतकं फालतू वाटलं की दुसरं एखादं शोधावं असं त्याला झालं, पण दुसरं नव्हतं. अंगणात कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून भाजलेल्या मिरच्यांचा वास येत होता. योआना म्हणाली, "बाबा, मी तिला इस्पितळात काय बोलले होते तुला माहितीये?" "माहितीये." "तिने सांगितलं?" "नाही. मी दाराबाहेर होतो." हे सांगायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, निदान हे तरी. पण आता ते आपोआप आलं. "चेरीच्या पाकाची बरणी घेऊन आलो होतो. सगळं ऐकलं. तू संपवेपर्यंत बाहेर थांबलो आणि मग आत आलो."

तिने त्याच्या हातातून दोरा घेतला. घेताना तिची बोटं त्याच्या तळहाताला लागू नयेत अशी काळजी तिने घेतली, आणि ते त्याच्या लक्षात आलं. ती उठली आणि अंगण ओलांडून चालायला लागली. ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकून मारेल, असं त्याला वाटत होतं. त्याची त्याने इतकी वर्षं तयारी करून ठेवली होती. तिने फक्त पाठ फिरवली. ती इमारतीच्या कोपऱ्याशी पोचली, दारापाशी, आणि तिथे थांबली. बसल्या जागेवरून त्याला तिची फक्त एक बाजू दिसत होती. ती आईच्या कागदासमोर उभी होती. तिने कोटाची बाही वर केली, काहीतरी करत राहिली, मान खाली घालून, पुन्हा पुन्हा, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. तो जागचा हलला नाही. जायचा हक्क आपल्याला नाही, एवढं त्याला कळत होतं.

ती परत आली तेव्हा तिचा चेहरा ओला होता आणि डोळे त्याच्याकडे बघत नव्हते, गाडीच्या टाकीवर कुठेतरी होते. तिने डावा हात पुढे केला, बाही वर, मनगट वर, आणि उजव्या हातात तो काळवंडलेला दोरा होता. "मला एका हाताने बांधता येत नाही," ती म्हणाली.

त्याने हात पुसले, पँटला, मग फडक्याला, मग पुन्हा पँटला. दोरा आखूड झाला होता, चौदा वर्षं दाबाखाली राहून लोकर आकसली होती, टोकं जेमतेम एकमेकांना लागत होती. ओढला तर तुटेल, याची त्याला इतकी भीती वाटली की त्याने श्वास धरला. एक फेरा झाला. दुसरा होत नव्हता. तिने मनगट जरा वळवून धरलं, तेव्हा झाला. तिच्या मनगटाची शीर त्याच्या बोटाखाली उडत होती. "सैल राहू दे," ती म्हणाली. "करकोचा दिसेपर्यंत टिकायला पाहिजे." मग तिने हात काढून घेतला आणि बाही खाली ओढली. "शनिवारी आईच्या थडग्यावर जायचंय. तिथे वाटायला गहू मी उकडून आणते. मी बसने येईन." "हो," तो म्हणाला. "तू तुझा ये गाडीवर. आणि हे लाव परत." "योआना, मला ते नकोत." "मला माहितीये तुला नकोत," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडे बघितलं. "म्हणूनच लाव."

ती गेली. मग त्याने भिंतीला टेकवलेला पुढचा गार्ड उचलला आणि जागेवर बसवला, त्याचे बोल्ट आवळले, आणि सगळ्यात शेवटी मागच्या डाव्याकडे वळला. नळीवर जिथे दोरा होता तिथे रंग अजून नवा होता, बोटभर रुंद, बाकी सगळ्या नळीपेक्षा काळा. त्याने त्यावर पट्टी ठेवली आणि बोल्ट फिरवायला घेतला. तो जुन्या जागी येऊन थांबेल असं त्याच्या हाताला वाटत होतं. पण आता मधे काहीच नव्हतं, आणि बोल्ट एक आटा आणखी आत गेला.